धारावी विधानसभा मतदारसंघ : १९७८ ते २०२४, राखीव जागेची निवडणूक कुंडली

धारावी म्हटलं की झोपडपट्टी, चामड्याचा धंदा, कुंभारवाडा आणि आता पुनर्विकास एवढंच बोललं जातं. पण धारावी हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला विधानसभा मतदारसंघ आहे, क्रमांक १७८. महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत आणि मुंबई शहर व उपनगरात अशा जागा फक्त दोन, धारावी आणि कुर्ला. वस्तीत काम करताना तरुण कार्यकर्ते नेहमी विचारतात, "ताई, जागा आपली, मग आपला पक्ष इथून कधीच का निवडून आला नाही?" या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही, त्यासाठी आकडे बघावे लागतात. म्हणून ही नोंद.

आतापर्यंतचे आमदार

१९७८ : सत्येंद्र मोरे (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष)
१९८० : प्रेमानंद आवळे (काँग्रेस)
१९८५ : एकनाथ गायकवाड (काँग्रेस)
१९९० : एकनाथ गायकवाड (काँग्रेस)
१९९५ : बाबुराव माने (शिवसेना)
१९९९ : एकनाथ गायकवाड (काँग्रेस)
२००४, २००९, २०१४, २०१९ : वर्षा गायकवाड (काँग्रेस)
२०२४ : ज्योती गायकवाड (काँग्रेस)

म्हणजे अकरा निवडणुका झाल्या. काँग्रेस नऊ वेळा, माकप एकदा, शिवसेना एकदा. त्या नऊपैकी आठ विजय एकाच कुटुंबातले आहेत. रिपब्लिकन पक्षाच्या कोणत्याही गटाला, बसपला किंवा वंचित बहुजन आघाडीला इथे एकदाही विजय मिळालेला नाही.

सुरुवात : महाडचा वारसा आणि लाल झेंडा

१९७६ साली मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास दिले गेले. त्यामुळे धारावीतल्या माणसाला पहिल्यांदा सरकारी कागदावर ओळख मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७८ ला, सत्येंद्र मोरे इथून निवडून आले. ते कॉम्रेड आर. बी. मोरे यांचे चिरंजीव. १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत आर. बी. मोरे यांचा मोठा वाटा होता. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले, पण जातीचा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. धारावीला लागूनच माटुंगा लेबर कॅम्प आहे. तिथे सफाई कामगार, गिरणी कामगार, शाहिरी आणि आंबेडकरी विचार एकाच चाळीत नांदले. त्यामुळे १९७८ चा निकाल आकाशातून पडलेला नव्हता. आणीबाणीनंतरची काँग्रेसविरोधी हवा आणि काँग्रेसमधली फूट यांचाही त्याला हातभार लागला.

पण ही जोड टिकली नाही. १९८० मध्ये विधानसभा बरखास्त होऊन पुन्हा निवडणूक झाली आणि राज्यात इंदिरा काँग्रेसची लाट आली. धारावी काँग्रेसकडे गेली.

१९८५ ते १९९९ : गायकवाड, माने, पुन्हा गायकवाड

१९८५ मध्ये एकनाथ गायकवाड पहिल्यांदा निवडून आले. त्याच वर्षी पंतप्रधान राजीव गांधींनी मुंबईसाठी १०० कोटींचं अनुदान जाहीर केलं आणि त्यातून धारावीत इमारती, रस्ते, गटारांची कामं सुरू झाली. पाणी, शौचालय, फोटोपास यांसाठी आमदाराच्या दारात जावं लागण्याची सवय याच काळात पक्की झाली. काँग्रेसचा पाया केवळ विचारावर उभा नव्हता, रोजच्या अडीअडचणीला धावून जाणाऱ्या माणसांवर उभा होता. हे आपण मान्य केलं पाहिजे.

१९९२-९३ च्या दंगलींची झळ धारावीला बसली. १९९५ मध्ये मुंबईभर शिवसेना-भाजप युतीची सरशी झाली आणि बाबुराव माने निवडून आले. काँग्रेसेतर आमदार धारावीने पाहिला तो १९७८ नंतर हा एकदाच. १९९९ ला एकनाथ गायकवाडांनी जागा परत घेतली.

मधलं एक वर्ष आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन ऐक्य झालं, काँग्रेसशी समझोता झाला आणि चार नेते खासदार झाले : प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले. आठवले निवडून आले ते मुंबई उत्तर मध्य मधून, आणि तेव्हा धारावी त्याच लोकसभा मतदारसंघात होती. ऐक्य असलं की काय होतं ते धारावीच्या मतदाराने स्वतः पाहिलं. ऐक्य फुटलं आणि १९९९ ला ती लोकसभेची जागा शिवसेनेच्या मनोहर जोशींकडे गेली. २००४ मध्ये एकनाथ गायकवाडांनी जोशींना हरवलं आणि विधानसभेची जागा त्यांच्या कन्या, सिद्धार्थ महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या वर्षा गायकवाड यांच्याकडे आली.

आकडे काय सांगतात

२००९ : वर्षा गायकवाड ५२,४९२, मनोहर रायबागे (शिवसेना) ४२,७८२.
२०१४ : वर्षा गायकवाड ४७,७१८, बाबुराव माने (शिवसेना) ३२,३९०, दिव्या ढोले (भाजप) २०,७६३.
२०१९ : वर्षा गायकवाड ५३,९५४, आशिष मोरे (शिवसेना) ४२,१३०, मनोज संसारे (एमआयएम) १३,०९९.
२०२४ : ज्योती गायकवाड ७०,७२७, राजेश खंदारे (शिवसेना, शिंदे गट) ४७,२६८.

२०१४ कडे नीट बघा. शिवसेना आणि भाजप वेगळे लढले. दोघांची बेरीज ५३,१५३ होते, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा ५,४३५ ने जास्त. मतविभागणीचा फटका फक्त आपल्यालाच बसतो असं नाही, तो कोणालाही बसतो. मात्र दोन पक्षांच्या मतांची बेरीज आपोआप एका उमेदवाराला मिळते असंही नाही. २०१९ ला युती एकत्र होती, तरी काँग्रेस ११,८२४ मतांनी जिंकली. त्याच निवडणुकीत आंबेडकरी चळवळीतून आलेल्या संसारे यांना एमआयएमच्या चिन्हावर १३ हजारांवर मतं पडली. म्हणजे तिसऱ्या पर्यायाला इथे जागा आहे, पण ती विजयापर्यंत पोहोचत नाही.

राखीव जागा, पण कोणाची?

इथे कायद्याचा इतिहास ठाऊक असायला हवा. १९३२ च्या पुणे करारानंतर स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघ आले. राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचा असावा लागतो, पण मतदान सगळेच करतात. धारावीत बौद्ध आहेत, चर्मकार, मातंग, तमिळ आदि द्रविड, वाल्मिकी आहेत. त्याच्याइतकेच मुस्लिम, गुजराती कुंभार, कोळी, उत्तर भारतीयही आहेत. एका समाजाच्या मतांवर इथे कोणी निवडून येऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट धम्माची. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले. १९५६ च्याच धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेला माणूस मात्र राखीव जागेसाठी अपात्र ठरला. १९६२ मध्ये नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या डॉ. डी. पी. मेश्राम यांच्याविरुद्ध खटला झाला. त्यांनी उघडपणे बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. दीक्षाभूमीच्या शहरात हे घडलं. मनात बुद्ध आणि कागदावर जुनी जात, जुना धर्म, ही कुचंबणा आपल्या आजोबांच्या पिढीने सोसली. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे बौद्ध म्हणून राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्क मिळाल्यानंतरची महाराष्ट्रातली पहिली विधानसभा निवडणूक १९९५ ची. धारावीच्या अकरा निवडणुकांपैकी चार त्याआधीच होऊन गेल्या होत्या.

तिसरी गोष्ट मुदतीची. विधिमंडळातलं हे आरक्षण १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०३० पर्यंत वाढवलेलं आहे. त्यावरची चर्चा संसदेत होईल तेव्हा आपल्याकडे अशा मतदारसंघांचा अभ्यास तयार असायला हवा.

२०२४ आणि पुनर्विकास

२०२४ ची निवडणूक एका प्रश्नावर झाली. घर कोणाला मिळणार आणि कुठे? २००४ पासून पुनर्विकासाच्या निविदा निघाल्या, रद्द झाल्या. २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वाधिक ठरली, २०२३ मध्ये प्रकल्प त्यांच्याकडे गेला. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या पात्र कुटुंबाला धारावीतच ३५० चौरस फुटांचं मोफत घर. त्यानंतर आलेल्यांना आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर, तेही पैसे भरून किंवा भाड्याने. राज्यात महायुतीची लाट असताना आणि काँग्रेस १६ जागांवर आलेली असताना धारावीने काँग्रेसला २३,४५९ चं मताधिक्य दिलं. वर्षा गायकवाड लोकसभेवर गेल्याने उमेदवार त्यांच्या भगिनी होत्या, पण मत पुनर्विकासाच्या अटींवर पडलं.

यात मतदारसंघापुढचाच धोका आहे. मतदारयादीतलं नाव राहण्याच्या पत्त्यावर अवलंबून असतं. जो माणूस मुलुंड किंवा देवनारला हलवला जाईल त्याचं मत धारावीत राहणार नाही. भाड्याने राहणारे आणि वरच्या मजल्यावरचे यात सर्वात आधी जातील, आणि त्यांत आपली माणसं कमी नाहीत. वस्ती पांगली की विहार पांगतं, मंडळ पांगतं आणि मतही पांगतं.

कार्यकर्त्यांनी काय करावं

एक, आपल्या केंद्राची यादी हातात घ्या. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती मिळते. नव्या मतदारासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८.

दोन, केंद्रनिहाय निकाल, म्हणजे नमुना २०, उतरवून काढा. कोणत्या गल्लीत कोणाला किती मतं पडली हे कळल्याशिवाय "आपली मतं" हा शब्द वापरू नका.

तीन, पात्र-अपात्रतेच्या सर्वेक्षणाची पावती, जुना फोटोपास, वीजबिल, जातीचा दाखला यांच्या प्रती प्रत्येक कुटुंबाकडे आहेत का ते बघा. घरासाठी लागणारा कागद आणि मतासाठी लागणारा कागद बहुतेक वेळा एकच असतो.

चार, निवडणुकीच्या दोन महिने आधी उगवू नका. काँग्रेसने ही जागा पाणी, दाखले आणि दवाखान्याच्या कामावर राखली. आपल्याला जागा हवी असेल तर तेच काम पाच वर्षं करावं लागेल, आणि तेही बौद्धांच्या गल्लीपुरतं करून चालणार नाही. कुंभारवाड्यात, चमडा बाजारात, मशिदीमागच्या चाळीतही करावं लागेल.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर याच कामात आहे. जागा कायद्याने राखीव आहे. निवडून येण्याचं आरक्षण कोणत्याही कायद्यात नाही.

जय भीम, नमो बुद्धाय.