बटेर, अंड्यावरील : खनिज आहार

जपानी बटेर भारतात १९७४ साली आणली गेली. मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते आणि सुमारे १० ग्रॅमचे ठिपकेदार अंडे बहुधा दुपारनंतर घालते. वाढत्या पिलांच्या खाद्यात ०.८ टक्के कॅल्शियम पुरते. अंड्यावरील मादीला मात्र सुमारे २.५ टक्के लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात पिकणारे मका-सोयाबीन या बाबतीत दरिद्रीच: कॅल्शियम नाममात्र, फॉस्फरस बराचसा फायटेटमध्ये अडकलेला. म्हणून खाद्यात चुनखडी, शिंपल्यांचा चुरा व डायकॅल्शियम फॉस्फेट मिसळतात. चुरा पिठासारखा नसावा. बारीक खडे पोटात सावकाश विरघळतात आणि रात्रीही कवचाला चुना मिळत राहतो. जस्त, मँगॅनीज मिलिग्रॅममध्येच लागतात, पण लागतातच. फॉस्फरस अति झाला तरी कवच पातळ होते. कोंबड्यांचे लेयर खाद्य दिल्यास कॅल्शियम भागते, प्रथिने कमी पडतात.