म्हातारचळ

लातूरच्या आमच्या आजीला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट जशीच्या तशी आठवायची, पण आत्ता प्यायलेला चहा आठवायचा नाही. नांदेडची आत्या म्हणायची, "म्हातारचळ लागलाय!" आम्हीही चिडायचो आजीवर.

वास्तविक आलॉइस आल्झायमरने १९०६ मध्येच मेंदूतले डाग दाखवले होते. १९८४ ला ग्लेनर आणि वाँग यांनी अमायलॉइड बीटा हे प्रथिन वेगळं केलं. बरीच वर्षं दोष डागांनाच दिला गेला. आता त्याआधीच्या, मोजक्या रेणूंच्या गुठळ्या जास्त घातक मानतात. त्या चेतापेशीच्या पातळ, तेलकट आवरणाला चिकटतात आणि तिथली आवक-जावक बिघडवतात. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त माईती यांच्या गटाने याच चिकटण्याचा अभ्यास केलाय.

आजी शेवटपर्यंत अंगणातच झोपायची. घर पडेल म्हणून.