घरात डोळे किती असावेत?

जमवणं आणि ठेवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. जमवण्याची विद्या माणूस उपजतच घेऊन येतो. लहानपणी काड्यापेटीचे छाप, मग गोट्या, मग पोस्टाची तिकिटं, मग पुस्तकं आणि शेवटी दुखणी, असा हा संग्रह आपोआप वाढत जातो. ठेवण्याची विद्या मात्र कुणी शिकवत नाही. जमलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं, हे ठरवायची पाळी आली की भलेभले गांगरतात. बोहारणीसमोर जरीची जुनी साडी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा चेहरा ज्यानं पाहिला असेल, त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

माझ्यावर ही पाळी कॅमेऱ्याच्या लेन्सांवरून आली. माझ्याकडे लेन्स सहा. कपाटात त्यांनी अडवलेला खण पाहून आमच्या कुटुंबानं एक दिवस पोह्यांचा रिकामा डबा पुढे केला आणि निकाल दिला, "यात मावतील तेवढ्या तुमच्या." डब्यात मावतात दोन. सहापैकी दोन निवडणं हा निवडणुकीपेक्षा अवघड प्रकार आहे, कारण इथे सगळे उमेदवार लायक असतात.

या साऱ्या जुन्या वळणाच्या लेन्स, म्हणजे ज्यांना पुस्तकात 'प्राइम' म्हणतात आणि आपला दुकानदार 'फिक्स' म्हणतो त्या. झूम लेन्सची कडी फिरवली की समोरचा माणूस जवळ येतो, लांब जातो. फिक्स लेन्सचं तसं नाही. तिच्या कपाळावर एकदा आकडा कोरला की तो जन्माचा. माझ्याकडच्या आकडे लावून सांगायच्या तर २८, ३५, ५०, ५८, ८५ आणि १३५ मिलिमीटर. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर आपण उठून त्याच्याजवळ जायचं. झूमवाला जावयासारखा असतो, बसल्या जागी सगळं त्याच्यापुढे येतं. फिक्सवाला मुलीच्या बापासारखा. दर वेळी तोच उठतो.

अशा पेचात लोक ज्योतिषाकडे जातात. मी इतिहासाकडे गेलो. दोघेही होऊन गेलेलं बरोबर सांगतात. पण इतिहास दक्षिणा मागत नाही.

इतिहास सुरू होतो तो मुळी उजेडाच्या टंचाईपासून. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची कृती जाहीर झाली आणि माणसाचं चित्र यंत्रानं उतरू लागलं. पण तेव्हाच्या लेन्समधून उजेड इतका बेतानं आत जाई, की गिऱ्हाइकाला मिनिटंच्या मिनिटं स्थिर बसावं लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावत. त्या काळच्या फोटोंत कुणी हसत नाही याचं आपल्याला नवल वाटतं. त्या चिमट्यात आपली मान अडकवून बघावी, म्हणजे वाटणार नाही.

यावर तोड काढली ती व्हिएन्नातल्या योझेफ पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं. गणिताच्या प्राध्यापकामुळे कुणाच्या चेहऱ्यावर हसू आल्याचं इतिहासात हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं. लेन्सचा हिशेब फार किचकट. काचेच्या प्रत्येक वळणावर किरण कसा वाकेल याच्या आकडेमोडी करायच्या, तेही यंत्राशिवाय. तेव्हा एका राजपुत्रानं तोफखान्यातले हिशेबी शिपाई पेट्झवालच्या मदतीला दिले. एरवी गोळा कुठे पडेल याचा हिशेब करणाऱ्यांनी उजेड कुठे पडेल याचा केला. १८४० साली लेन्स तयार झाली. आधीच्या लेन्सपेक्षा ती पंधरा-वीस पट उजेड आत घेई. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं आणि माणसाची मान सुटली.

या लेन्सची गंमत अशी, की मधला चेहरा लख्ख येई आणि कडेचं सगळं भोवऱ्यासारखं फिरलेलं दिसे. आता याला दोष म्हणावं तर म्हणा. आपल्या आईकडे बघताना आपल्याला मागची भिंत कुठे दिसते? पेट्झवालचं आणि त्याची लेन्स बनवणाऱ्या फोइग्टलेंडरचं पुढे पैशांवरून बिनसलं, हेही सांगून टाकतो. काच कितीही स्वच्छ असली तरी व्यवहार तो व्यवहारच.

दुसरा धडा दिला तो एका इंग्रजानं. डेनिस टेलर त्याचं नाव. १८९३ साली त्यानं अवघ्या तीन काचांची एक उत्तम लेन्स रचली. पण मला तो आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. जुन्या, हवेनं डागाळलेल्या, झाक चढलेल्या लेन्स नव्या कोऱ्या लेन्सपेक्षा जास्त उजेड पलीकडे पोचवतात, हे त्याच्या ध्यानात आलं. नव्या काचेच्या पृष्ठभागावरून बराच उजेड माघारी फिरतो. जुनीवर चढलेला पातळ थर त्याला फिरू देत नाही. आमच्या वयाच्या मंडळींनी हे वाक्य देवघराशेजारी लावून ठेवावं. नेमक्या याच माघारी फिरणाऱ्या उजेडापायी जर्मनीत पॉल रुडॉल्फची 'प्लॅनार' मागे पडली होती. १८९६ सालची ही सहा काचांची लेन्स. रचना देखणी, पण उजेड आतल्या आत आपटे आणि चित्र धुरकट होई. म्हणून १९०२ साली त्यानंच चार काचांची 'टेसार' काढली आणि तिनं जग जिंकलं. मग १९३५ साली त्याच त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यानं काचेवर मुद्दाम पातळ लेप चढवण्याची युक्ती काढली, आणि मागे पडलेल्या प्लॅनारचं नशीब उघडलं. आज भरपूर उजेड घेणाऱ्या बहुतेक ५० मिलिमीटर लेन्स तिच्याच घराण्यातल्या. म्हणजे एखादी वस्तू मोडीत काढण्याआधी चाळीस वर्षं थांबावं, असा याचा अर्थ होतो. मी तो घरात बोलून दाखवला. डबा होता तिथेच राहिला.

इथवर बहुतेकांच्या कॅमेऱ्याला एकच लेन्स. कुठली ठेवू, हा प्रश्नच नव्हता. तो निर्माण केला ऑस्कर बार्नाक या दमेकरी जर्मनानं. जड कॅमेरा घेऊन डोंगर चढवेना, म्हणून त्यानं खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. १९२५ साली तो 'लायका' या नावानं बाजारात आला. त्याची ५० मिलिमीटरची लेन्स माक्स बेरेकनं रचली. हा बेरेक मोठा शास्त्रज्ञ. पण आपल्या दोन लेन्सांना त्यानं आपल्या दोन कुत्र्यांची नावं दिली. एक हेक्टर, दुसरा रेक्स, त्यावरून 'सुमारेक्स'. लेन्सवर माणसाचा जीव कसा जडतो याचा पुरावा मागणाऱ्यांनी एवढ्यावर समाधान मानावं. १९३० साली लायकाची लेन्स आटे फिरवून काढता येऊ लागली, ५० च्या जोडीला ३५ आणि १३५ आल्या, आणि संसारी माणसाच्या कपाटात कलह शिरला.

पण मौज पाहा. लेन्स बदलता यायला लागल्यावरही ज्यांनी नाव काढलं त्यांतल्या कितीतरी जणांनी ती फारशी बदलली नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच गृहस्थाच्या हातात १९३२ च्या सुमाराला लायका आला, आणि जन्मभर त्यांनी बहुतेक काम ५० मिलिमीटरवर केलं. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग ते काळ्या पट्टीनं झाकत. म्हणजे कॅमेरा लपवत, पण स्वतः मात्र माणसांच्या मधोमध उभे राहत. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत ते गांधीजींना भेटले, आणि त्याच संध्याकाळी गांधीजी गेले. पुढच्या दिवसांतल्या त्या गर्दीचे, त्या रडणाऱ्या माणसांचे त्यांचे फोटो पाहिले की फोटो काढणारा त्या गर्दीतच कुठेतरी रेटला जात असावा असं वाटतं.

त्याच दिल्लीत तेव्हा होमाई व्यारावाला काम करत होत्या. जन्म नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. त्यांच्या रोलीफ्लेक्सची लेन्स तर बदलताच येत नाही. शिवाय त्या कॅमेऱ्यात वरून बघायचं असतं, म्हणजे फोटो काढणाऱ्याला मान लववावी लागते. समोरच्याला नमस्कार केल्याशिवाय फोटो निघतच नाही! १९७० साली त्यांनी काम थांबवलं, तोवर देशाचे पुढारी त्यांनी असे मान लववून टिपले होते. मान लववली त्यांनी. ताठ बाण्याच्याही त्याच.

आता कुणी म्हणेल, ८५ चं काय? तिचीही पुण्याई आहे. १९५० साली टोकियोत जुन मिकी या तरुण जपानी छायाचित्रकारानं 'लाइफ' साप्ताहिकाच्या डेव्हिड डग्लस डंकनचा फोटो ८५ मिलिमीटरच्या निक्कोर लेन्सनं काढून दाखवला. डंकन चाट पडला. जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, अशी तेव्हाची समजूत. कोरियाच्या लढाईत त्यानं निक्कोर वापरल्या, आणि जपानी काचांना जगात मान मिळाला. आणि ५८? ती सोव्हिएत 'हेलिऑस'. मूळ जर्मन बायोटारची रशियन मावसबहीण. पेट्झवालसारखीच कडेची झाडं गरगर फिरवते. अशा सगळ्याच कुलवंत. इतिहासानं निकाल द्यायच्या ऐवजी प्रत्येकीची शिफारसपत्रं तेवढी आणून दिली.

निकाल दिला तो फोटोंच्या खोक्यानं. लेन्स निवडायच्या तर आधी त्यांनी काय काम केलं ते पाहावं, म्हणून आम्ही दोघांनी जुने फोटो जमिनीवर मांडले. कुटुंबानं एक उचलला. मंडईतली भाजीवाली, कपाळावर घाम, वर घेतलेला तराजू. १३५ नं काढलेला, फारच सुरेख.

"अहो, ही कोण?"

"मंडईतली."

"ते दिसतंय. कोण?"

फोटो उलटा केला. मागे माझ्याच अक्षरात: 'मंडई, दुपार, १३५.' दुसरा उलटा केला. 'घाटावर, १३५.' मग ५० चे उलटायला लागलो. 'गंगूबाई, मुलगा नुकताच नोकरीला लागला.' 'अब्दुलचाचा, कल्हई, चहा पाजला.' 'सखाराम हमाल, पैसे घेईना, फोटोची प्रत पोचवणे.' खाली दुसऱ्या शाईनं: 'पोचवली.'

यात जादू नाही, त्रैराशिक आहे. एका माणसाचा गुडघ्यापासून डोक्यापर्यंत फोटो काढायचा तर २८ घेऊन साडेतीन फुटांवर जावं लागतं, ३५ ला सव्वाचार फूट, ५० ला सहा, ८५ ला दहा आणि १३५ ला सोळा. साडेतीन फुटांवर जाऊन उभं राहिलं तर समोरचा दचकतो. तेवढ्या जवळ आपल्याकडे फक्त नातेवाईक, सावकार आणि लोकलमधले लोक येतात. सोळा फुटांवरून त्याला पत्ताच लागत नाही. सहा फूट हे बोलण्याचं अंतर आहे. ओट्यावर बसलेला माणूस रस्त्यावरच्याला "काय, जेवलात का?" विचारतो ते. तिथून काही न बोलता नुसता फोटो काढायचा तर निगरगट्टपणा लागतो. तो नसेल तर तोंड उघडावंच लागतं. मग नाव कळतं, मुलाची नोकरी कळते, प्रत पोचवायची जबाबदारी येते. खोक्यातले निम्मे लोक आता या जगात नाहीत. ५० वाल्यांना आम्ही नावानं हळहळलो. १३५ वाली भाजीवाली आहे की गेली, हे विचारायचं तरी कुणाला आणि कुणाबद्दल?

तेव्हा ५० राहिली. तिच्या काचेत थोरियम आहे. एके काळी कित्येक चांगल्या लेन्सांत ते घालत. वयानुसार अशी काच पिवळी पडते, आणि उन्हात ठेवली की पुन्हा उजळते. म्हणून ती उन्हाळ्यात गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घालतो. कावळे दोन्हींकडे सारख्याच आस्थेनं बघतात. जोडीला ३५ राहिली. घर लहान असलं, की नातवंडांच्या वाढदिवसाला सहा फूट मागे सरायला भिंत परवानगी देत नाही.

उरलेल्या चारांना डांबून ठेवणं बरं नव्हे. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि लेप खाऊन टाकतात. वापरातली, उजेड-वारा लागलेली लेन्स सहसा वाचते. म्हणजे ज्याला आपण जपणं म्हणतो ते पुष्कळदा मारणं असतं. १३५ एका पक्षिमित्राला दिली. पक्ष्यांना नाव विचारायची पद्धत नाही. उलट हा गृहस्थच त्यांना नावं सांगत फिरतो. ८५ आणि २८ एका होतकरू मुलानं नेल्या. हेलिऑस शेजारच्या मुलीला दिली. तिच्या नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर एक कडी बसवली की ही रशियन मावशी पुन्हा कामाला लागते.

ती मुलगी म्हणाली, "काका, माझ्या मोबाइलच्या पाठीवरच तीन लेन्स आहेत."

खरं आहे. त्या तिन्हीही फिक्सच. सारं जग आता खिशात तीन-तीन प्राइम घेऊन हिंडतं आणि कुठली ठेवू म्हणून कुणाचं अडत नाही. मी तिला इतकंच सांगितलं, की लेन्स पारखायची तर लोक ती उजेडाकडे धरून बघतात. तू वर्षभर वापर, फोटो कागदावर काढून घे, आणि ते उलटे करून मागे काय लिहिलंयस ते बघ.

"आणि मागे लिहायला काही नसलं तर?"

"तर दोन पावलं पुढे जा," कुटुंब म्हणालं. आयुष्यात कॅमेरा हातात न धरलेल्या माणसानं!