बाबा अल्लाउद्दीन खाँ : अनेक वाद्ये, अनेक गुरू

यंदाच्या स्मरणिकेसाठी संगीतावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली. आपल्या ज्ञातीत सनई-चौघड्याची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असल्याने आपल्याच एखाद्या जुन्या सनईवाल्याचे चरित्र आमच्याकडून अपेक्षित असावे. परंतु या खेपेस आम्ही ज्ञातीबाहेरच्या, प्रांताबाहेरच्या व धर्मानेही निराळ्या अशा एका पुरुषाची कथा निवडली आहे. ते पुरुष म्हणजे मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ. एकाच माणसाने इतकी वाद्ये हस्तगत केल्याचे उदाहरण विरळाच. त्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट ही की, त्यांतील बहुतेक विद्या त्यांना परक्यांच्या दारी उभे राहून मिळवावी लागली. तसे त्यांनी का केले व पुढे त्या विद्येचे काय केले, हे आपल्या समाजाने अवश्य जाणून घ्यावे.

बाबांचा जन्म आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडियानजीकच्या शिबपूर या खेड्यात झाला. जन्मवर्षाविषयी चरित्रकारांत एकमत नाही. घरी संगीताचे वातावरण होते. वडील सतार वाजवीत, आणि थोरले बंधू आफताबुद्दीन यांचा हात अनेक वाद्यांवर चाले. तथापि घरच्यांना मुलाचा शाळाभ्यास हवा होता व मुलाला सूर हवा होता. अखेर कोवळ्या वयातच त्याने घर सोडले आणि तो कलकत्त्यास पोहोचला.

तेथे नुलो गोपाल या नावाने प्रसिद्ध असलेले गोपाळकृष्ण भट्टाचार्य हे गायक त्यांना गुरू लाभले. त्यांची अट कडक होती. बारा वर्षे केवळ सरगम घोटावयाची, रागाचे नाव काढावयाचे नाही! शिष्याने ती अट मान्य केली व सात वर्षे पाळलीही. मग प्लेगच्या साथीत गुरूच निवर्तले. शिष्याने पुढे गाणे सोडले व वाद्ये जवळ केली. परंतु त्या सात वर्षांत कानांत मुरलेला सूर पुढे प्रत्येक वाद्यात उतरला.

यानंतरचा त्यांचा कलकत्त्यातील काळ म्हणजे खासगी शिकवण्यांची एक मोठी मालिकाच होय. स्वामी विवेकानंदांचे चुलतबंधू अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त हे नाटकगृहातील वाद्यवृंदाचे प्रमुख होते. त्यांच्यापाशी बाबांनी बासरी, सतार, मॅन्डोलिन आदी वाद्ये शिकली. व्हायोलिनचे पाश्चात्य वादन त्यांना लोबो नावाच्या एका बँडमास्तरांनी शिकविले. हे लोबो आपल्या गोमंतकातील ख्रिस्ती गृहस्थ, हे वाचून आमच्या कोकण-गोव्याकडील वाचकांस खचित आनंद होईल. सनई व नगारा यांची तालीम हजारी उस्ताद यांजकडून, आणि पखवाजाची नंदबाबू यांजकडून मिळाली. पोटासाठी ते मिनर्व्हा नाटकगृहात वाजवीत. तेथे सुप्रसिद्ध नाटककार गिरीशचंद्र घोष यांनी त्यांचे नाव प्रसन्नकुमार विश्वास असे ठेवले होते. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्याच्यापाशी विद्या असेल त्याच्या पायाशी बसावयाचे, हा त्यांचा एकच नियम होता.

इतकी वाद्ये आल्यावर आपण पारंगत झालो, असा थोडा ताठा मनात शिरणे स्वाभाविकच होते. तो मुक्तागाछा येथील जमीनदारांच्या दरबारात उतरला. तेथे अहमद अली खाँ यांचा सरोद ऐकताच त्यांच्या ध्यानात आले की, आपण पुष्कळ वाद्यांची ओळख करून घेतली, पण एकाच्याही अंतरंगात शिरलो नाही. त्यांनी तत्काळ शिष्यत्व पत्करले, गुरूच्या घरची पडतील ती कामे केली आणि पुढे त्यांच्याबरोबर रामपूर गाठले.

रामपुरास त्या काळी वझीर खाँ हे तानसेनाच्या कन्यावंशातील थोर बीनकार होते. खुद्द नबाब हमीद अली खाँ त्यांचे शिष्य. तेथे परप्रांतीय गरीब तरुणाला कोण विचारतो? अखेर त्याने नबाबांच्या मोटारीपुढे अंग टाकले, अशी कथा सांगतात. नबाबांनी त्याची परीक्षा घेतली. हाती येईल ते वाद्य हा वाजवून दाखवितो, हे पाहून ते थक्क झाले व त्यांच्याच शब्दावरून वझीर खाँनी त्यास शिष्य करून घेतले. परंतु गुरूने प्रत्यक्ष शिकविण्यास आरंभ करीपर्यंत दीर्घ काळ लोटला. बीन तर त्यांनी कुळाबाहेरच्या या शिष्याच्या हाती कधीच दिली नाही. बीनेचे अंग मात्र सरोदावर उतरवून दिले. पुढे वझीर खाँचे थोरले चिरंजीव वारले. घरासाठी राखून ठेवलेली विद्या आता कोणासाठी ठेवावयाची, असा पश्चात्ताप त्या वृद्ध गुरूस झाला व त्यांनी या शिष्यास हात न राखता शिकविले, असे सांगतात.

येथे आम्हांस आमची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८२ साली आम्ही तालुक्याच्या गावी शिक्षक असताना ज्ञातीतीलच एका वयोवृद्ध सनईवाल्यांकडे शिकावयास जात होतो. आम्ही त्यांस काका म्हणत असू. ते मायेने शिकवीत; पण सनईची पत्ती तासून बांधण्याची वेळ आली की म्हणावयाचे, "मास्तर, विहिरीवरून तेवढी कळशी भरून आणा बघू." आम्ही परत येईतो पत्ती बांधून तयार! ती कला त्यांनी चिरंजिवांसाठी राखली होती. चिरंजीव नोकरीनिमित्त शहरात गेले, ते परतले नाहीत. काका गेले आणि त्यांच्या पत्तीचा तो गोड, भरदार आवाजही त्यांच्याबरोबरच गेला. आज त्या देवळात यंत्रावर ध्वनिमुद्रित सनई लावतात. काकांस आम्ही दोष देत नाही. त्यांना जे त्यांच्या वडिलांनी सांगितले, तेच त्यांनी पाळले.

बाबांनी मात्र आपल्या गुरुकुळाचा हा दंडक पुढे चालविला नाही. महाराजा ब्रिजनाथसिंह यांच्या आश्रयाने ते मैहर संस्थानात स्थिरावले. १९१८ च्या सुमारास साथीने अनाथ केलेली मुले गोळा करून त्यांनी त्यांचा वाद्यवृंद उभा केला. त्यासाठी बंदुकीच्या नळ्या कापून 'नलतरंग' हे वाद्यही घडविले. ज्यांना कूळच उरले नव्हते, अशा मुलांना त्यांनी सूर दिला!

त्यांचे शिष्य पाहावेत तर वाद्ये निरनिराळी. पुत्र अली अकबर यांस सरोद; १९३८ साली नृत्य सोडून आलेल्या रविशंकरांस सतार; पन्नालाल घोष यांस बासरीवर मार्गदर्शन. आपले महाराष्ट्रीय व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनीही काही काळ त्यांच्याकडे तालीम घेतली. थोरल्या मुलीला संगीतापायी सासरी त्रास झाल्याने धाकटीला शिकवावयाचे नाही, असे बाबांनी ठरविले होते. पण एके दिवशी ती भावाची चूक गाऊन सुधारताना त्यांच्या कानी पडली, आणि त्यांनी आपला निश्चय मोडला. त्याच अन्नपूर्णादेवी. पुढे सूरबहारवर अधिकार मिळवून त्यांनी मुंबईत राहून हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडविले व १३ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथेच देह ठेवला. बाबा स्वतः ६ सप्टेंबर १९७२ रोजी निवर्तले. त्याआधी १९५८ साली पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला होता.

ज्ञातिबंधूंनो व भगिनींनो, पिढीजात विद्येचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु कुलपात ठेवलेले वाद्य गंजते, आणि विद्येचेही तसेच आहे. आम्ही आमच्या मुलास सनई शिकविली, मुलीस शिकविली नाही. मुलगा आता वाजवीत नाही. दाराआड बसून तिने किती ऐकले असेल, हे आम्ही कधी विचारलेदेखील नाही. गेल्या दसऱ्यापासून तिची दहा वर्षांची कन्या आणि शेजारच्या परज्ञातीतील दोन मुले आमच्याकडे येऊ लागली आहेत. जेवढे आम्हांस येते, तेवढे आम्ही त्यांस हातचे न राखता सांगतो. पत्ती बांधणे जाणणारे कोणी वडीलधारे अद्याप आपल्यांत असतील, तर त्यांनी या मुलांस जवळ बसवून ते दाखवावे, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.