चहाचे गुण आणि चहाची वेळ

चहा चांगला की वाईट, हा वाद आपल्याकडे कपबशी पुढ्यात घेऊनच घातला जातो. एक म्हणतो तरतरी येते, दुसरा म्हणतो पित्त होतं. मंडळी, चहाच्या गुणांची ही चर्चा निदान आठशे वर्षं जुनी आहे.

जपानमधील एइसाई या बौद्ध भिक्षूने १२११ मध्ये चहा आणि आरोग्य यावर ग्रंथ लिहिला. हृदयाला कडू रस मानवतो, पण रोजच्या आहारात तो नसतो, म्हणून चहा घ्यावा, असं त्याचं सांगणं. १२१४ मध्ये तिथला शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, मद्यपानाने बेजार झाला, तेव्हा एइसाईने त्याला चहा पाजला आणि सोबत ग्रंथही दिला!

युरोपातही चहा आला तो औषध म्हणूनच. १६६० च्या सुमारास लंडनच्या थॉमस गारवे या दुकानदाराने जाहिरात छापली. डोकेदुखी, मूतखडा, जलोदर, वाईट स्वप्नं, सगळ्यांवर उपाय एकच, चहा. हॉलंडचे डॉक्टर कॉर्नेलिस बोंटेकू यांनी तर दिवसाला पन्नास काय, दोनशे पेले घेतले तरी हरकत नाही, असं लिहिलं. पेले तेव्हा लहान असत हे खरं. पण दोनशे म्हणजे दोनशेच!

या स्तुतीला खणखणीत उत्तर लिहिलं गेलं ते आपल्या पुण्यात. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. चीनमध्ये पाणी उकळलं की नाही हे कळण्यासाठी चहाची पानं उपयोगी पडली, एवढं श्रेय त्यांनी चहाला दिलं. पण चहातलं टॅनिन पोटाला अपायकारक आहे, असंही बजावलं.

आज विज्ञान काय म्हणतं? २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र ही केवळ पाहणी होती. फायदा चहामुळेच झाला, हे तिने सिद्ध होत नाही. उलट, चहातली टॅनिनसारखी द्रव्यं धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं लोह शरीराला पुरेसं मिळू देत नाहीत, हे पक्कं ठाऊक आहे.

मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याची कारणं अनेक आहेत. सगळं खापर चहावर फोडणं अन्यायाचं होईल. पण पहाटे उठून कामाला लागणारी आपल्याकडची बाई चहात भाकरी बुडवून खाते, कधी नुसत्या चहावर भूक मारते. भाकरीतलं थोडं लोह, तेही तिला धड मिळत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळावा, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं आहे.

एइसाईपासून आजवर चहा किती प्यावा यावर पुष्कळ लिहिलं गेलं. आपल्या घरात त्याहून मोलाचा प्रश्न आहे तो केव्हा प्यावा हा. चहा सोडा, असं मी म्हणणार नाही; माझाही सुटलेला नाही. पण घरातल्या बाईला आधी पोटभर खाऊ द्या. चहा तासाभराने होईल, आणि तो दुसऱ्या कुणी केला तर अधिकच गुणकारी!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)