न्यायसुलभता (नागभीड परिसर)
न्यायालयाची कार्यक्षमता किती दावे निकाली निघाले यावरून मोजण्याची पद्धत आहे. धान आणि जंगलाच्या नागभीड तालुक्यात हे माप अपुरे पडते. ऐन रोवणीत तारखेला गेलेल्या पक्षकाराची मजुरी बुडते. वकील किंवा साक्षीदार गैरहजर राहिला की पुढची तारीख पडते, आणि हा खर्च कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्याने पूर्वेकडच्या लोकांचे जिल्हा मुख्यालय जवळ आले. उच्च न्यायालयासाठी मात्र दोन्ही जिल्ह्यांना नागपूर खंडपीठच गाठावे लागते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आदिवासी वस्तीच्या या पट्ट्यात ही तरतूद सर्वांत मोलाची, पण ती माहीत असेल तरच. याच कायद्याखालील लोकअदालतीत तडजोड झाल्यास न्यायालय शुल्क परत मिळते. निवाड्यावर अपील नाही. घाईत गरिबाला नमते घ्यायला लावले जाते, हा आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर संमतीच्या अटीत आहे: लोकअदालतीला न्यायनिवाड्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. अर्थात संमती खरी ठरायला पक्षकाराशेजारी त्याची बोली समजणारा वकील लागतो. दूरदृश्य साक्षीने डॉक्टर-पोलिसांच्या फेऱ्या वाचतात. नेटवर्क नसलेल्या गावाला मात्र ग्रामन्यायालय अधिनियम, २००८ मधील फिरत्या न्यायालयाची तरतूद अधिक उपयोगी.