मीटरची काळी पिन

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ४ वाजता दादाची नौका सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या खडपावर आदळली. तिचं वायरिंग मी केलेलं. तेव्हापासून मी त्या ४ वाजल्यापासून मागे मोजत असतो.

२६ तास आधी. मालवणच्या बंदरात दुसरी बॅटरी बसवली. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-अवरची, दुकानातून पूर्ण भरून आणलेली. पहिली बॅटरी फक्त स्टार्टरसाठी, दुसरी दिव्यांसाठी, फिशफाइंडरसाठी आणि वायरलेससाठी. मध्ये रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली आलं की तोडतो. रात्री दिव्यांनी बॅटरी कितीही खाल्ली तरी स्टार्टरची बॅटरी शाबूत राहावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप. शिवाय अडीअडचणीला दोन्ही एकत्र करायचा एक स्विच.

इंजिन चालू केलं. रिले टक्‌ करून लागला. मीटरची लाल पिन दुसऱ्या बॅटरीच्या प्लसवर धरली आणि काळी पिन इंजिनच्या ब्लॉकवर टेकवली, कारण ब्लॉक हाताशी होता. १४.२ व्होल्ट. दादाला म्हटलं, "चार्जिंग होतंय."

होत नव्हतं. दुसऱ्या बॅटरीची मायनसची केबल जुनीच ठेवली होती. तिच्या लगवरची काळी नळी वरून चांगली दिसत होती, आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटत आल्या होत्या. मी मोजत होतो तो अल्टरनेटरचाच दाब. काळी पिन वीतभर पलीकडे, बॅटरीच्या मायनसवर टेकवली असती, तर १२.७ च्या आसपासचाच आकडा दिसला असता आणि मी तिथेच पाना हातात घेतला असता.

२० तास आधी. रात्री ८ ला दहा वाव पाण्यात जाळं टाकून दादानं इंजिन बंद केलं. रिले सुटला आणि दिवे लगेच मंदावले, फिशफाइंडर बंद पडला. इंजिन चालू असताना दिवे थेट अल्टरनेटरवर जळत होते, म्हणून तोवर कुणाला काही कळलं नव्हतं. दादानं एकत्र करायचा स्विच फिरवला. दिवे लख्ख झाले. त्याच्या जागी कुणालाही वाटलं असतं की भागलं. खरं तर आता सगळा भार स्टार्टरच्या बॅटरीवर गेला होता. सलग ८ अँपिअर, साडेनऊ तास.

साडेदहा तास आधी. पहाटे साडेपाच. जाळं वर घेतलं, चावी फिरवली. नुसतं टकटक. हँडल मारून सुरू होणारं ते इंजिन नव्हे. दादानं स्विच सोडवून दुसरी बॅटरी तपासली, पण दिवे चालू ठेवूनच. पॅनेलवरचा काटा ९ च्याही खाली. दोन्ही बॅटऱ्या उतरल्या, असं त्यानं धरलं.

वायरलेसवर १६ नंबरच्या चॅनेलवर दुसऱ्या नौका बोलताना ऐकू येत होत्या. ऐकायला करंट नगण्य लागतो. पण बोलायचं बटण दाबलं की २५ वॅटला पाच-सहा अँपिअर हवेत. ते त्या सडक्या केबलमधून येईनात आणि सेट बंद पडे. १ वॅटवर टाकला असता तर जवळच्या नौकेपर्यंत तरी आवाज गेला असता. हे मी दादाला कधी सांगितलंच नव्हतं.

४ तास आधी. सकाळभर मतलईनं नौका बाहेर ढकलली होती, फोनला रेंज नव्हती. दुपारी १२ ला वारा फिरला, वायव्येकडून किनाऱ्याकडे.

२ तास २० मिनिटे आधी. फोन लागला. "दोनय गेले रे," दादा म्हणाला. मी १५५४ वर तटरक्षक दलाला कळवलं, बंदरातून एक नौका सोडायला लावली आणि दादाला म्हटलं, "दिवे बंद कर, तासाभरात बॅटरी जरा सावरेल, मग चावी मार." मी वायरमन आहे. स्टार्टरच्या दोन्ही केबल काढून थेट दुसऱ्या बॅटरीच्या टोकांवर लाव, हे वाक्य मला सुचलं नाही. दहा मिनिटांचं काम, आणि नौकेवर पाना होता.

४० मिनिटे आधी. मदतीची नौका पोचली. दोर बांधला, लाटेच्या हिसक्यात तुटला. दादानं नांगर टाकला. खाली खडक, नांगर घसरत राहिला आणि मग त्याचाही दोर घासून तुटला. पुन्हा दोर फेकण्याइतकं अंतर उरलं नाही. दादाच्या नौकेवरच्या तिघांनी उड्या टाकल्या, तिघांनाही ओढून घेतलं. दादा शेवटी.

४ वाजता नाळ खडपावर चढली.

दोन दिवसांनी ओहोटीला आम्ही सामान काढायला गेलो. इंजिन पाण्याखाली होतं, पण दुसरी बॅटरी वरच्या फळीवर कोरडी राहिली होती. या वेळी मी दोन्ही पिना तिच्याच दोन टोकांवर धरल्या. १२.५ व्होल्ट. दादा शेजारी उभा होता. आकडा त्यानंही वाचला.